चार लिटरचे खोटे

माय, काल ऑक्सिजनचे यंत्र परत गेले. कंपनीचा माणूस आला, त्याने नळी गुंडाळली, पाण्याची छोटी बाटली सोडवली, आणि तीन वर्षे या घराच्या भिंतींतून वाहणारा तो घुरघुरता आवाज एका पांढऱ्या गाडीत बसून हुडकेश्वरच्या रस्त्याने निघून गेला. त्या आवाजाला आपण कंटाळलो आहोत असे मला वाटत असे. आता कळते, की आपण त्याच्या लयीत जेवत होतो, भांडत होतो, भाजी निवडत होतो. घर इतके शांत झाले आहे की मला माझाच श्वास ऐकू येतो आणि तो मोजावासा वाटतो.

तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले. रोज माणसे येतात. कुणी म्हणते, अशी लांब रोटी आता कोण करणार. कुणी म्हणते, माय मोठ्या जिद्दीच्या. आणि त्या जिद्दीचा पुरावा म्हणून कुंदाताई, तुमच्या थोरल्या लेक आणि माझ्या नणंद, प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतात. "मायनं एकदा स्वतःच ऑक्सिजन चारवर नेऊन ठेवला होता. मरता मरता वाचली. पण मंग दवाखान्यातल्या साऱ्या बायांले शिकवलं तिनं, का असं करू नका म्हणून." लोक माना डोलावतात. मी स्वयंपाकघरात निघून जाते.

ती गोष्ट खोटी आहे. ती तुम्ही रचली, माझ्यासाठी रचली, आणि आपल्या दोघींखेरीज हे कुणाला ठाऊक नाही असे मी समजत होते. तुम्ही गेल्यावर मी एकटीच उरले. तुमच्याविषयी लिहायला बसले तर पहिल्यांदा हेच लिहावे लागेल. बाकीचे लोक लिहितील.

लग्न होऊन मी आले तेव्हा मराठीची पदवी, कवितेचे वेड आणि सदर भागातल्या एका कॉलेजातली नवी नोकरी एवढेच माझ्याजवळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातून ओले कापड दगडावर आपटावे तसा आवाज आला म्हणून मी बाहेर गेले. तुम्ही परातीतली सैल कणीक उचलून आपटत होता. इतकी सैल, की ती पीठ आहे की पाणी, हे तिचे तिलाच ठरवता येत नसावे. मग तुम्ही तिचा एक गोळा तळव्यावर घेतला, मनगटावर सोडला, एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवला, आणि तो कोपरापर्यंत उतरत गेला, पातळ होत, पारदर्शक होत, शेवटी त्यातून तुमच्या हातांवरचे गोंदण दिसू लागले. चुलीवर मटका पालथा होता, खाली बाभळीची लाकडे धडधडत होती. तुम्ही ते हातभर लांब वस्त्र मटक्यावर पसरले. ते फुगले, ठिपक्याठिपक्यांनी भाजले, आणि तुम्ही ते उचलून घडी घातली.

"काय पाहून राहिली वं मास्तरीणबाई?" तुम्ही न वळता विचारले. "कविता करशीन काय याच्यावर?"

"करीन की."

"कर. पण धुरावर नको करू. धूर कवितेत बरा दिसते, डोयात नाही."

मी मात्र धुरावरच केली. निळसर, रेशमी, पहाटेच्या पदरासारखा असे काहीबाही. त्या ओळी छापूनही आल्या आणि मी तुम्हाला वाचून दाखवल्या. तुम्ही ऐकून घेतले आणि परातीवर फडके झाकलेत. आज त्या ओळी मला वाचवत नाहीत. मी ज्याला रेशीम म्हणत होते ते तुमच्या छातीच्या आत, रोज थोडे थोडे, काजळी होऊन बसत होते.

त्यावरून आपण भांडलोही. मी म्हणे, गॅस घ्या. तुम्ही म्हणायच्या, गॅसवर मटका एका जागी तापतो आणि रोटी एका जागी करपते. मी म्हणे, निदान वर पत्र्याचे धुराडे बसवू. ते बसवले, तर पहिल्याच वादळात ते शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले आणि तुम्ही ते परत आणू दिले नाही. लग्नाकार्यांच्या, खानावळींच्या मागण्या येत राहिल्या. तुम्ही, आणि तुमच्या हाताखाली शिकलेली रेखा, दोघी त्या धुरात बसून दिवसाला शेकडो रोट्या काढत राहिलात. तुमच्या कामाचा अभिमान आणि त्या कामाची भीती, या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

श्वास एका दिवसात कमी होत नाही, माय. तो घरातल्या घरात मागे सरकत जातो. आधी तुम्ही रामटेकचा गड सोडलात. "दर वेळी मीच चढू काय? राम काही खाली उतरत नाही काय?" असे म्हणून तुम्ही पायथ्याशी बसलात आणि आम्ही हसलो. मग कणकेची परात रेखा उचलू लागली. मग अंघोळीला वेळ लागू लागला, कारण मध्ये दोनदा बसावे लागे. मग केस. हात डोक्यापर्यंत उचलले की दम लागतो हे तुम्ही कुणाला सांगितले नाही, फक्त एक दिवस फणी माझ्या हातात दिली. पावले सुजू लागली. सकाळी उठले की डोके जड असते म्हणत होता, आम्ही चहाला दोष दिला. तुम्ही ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडू लागलात, जणू दिसत नसलेल्या निखाऱ्यावर फुंकर घालता आहात. ते कुणी शिकवले नव्हते. शरीराने आपणच शोधून काढले होते.

आणि तुमची वाक्ये लहान झाली. ते मला सर्वांत आधी ऐकू आले, कारण माझे पोटच त्यावर आहे. पूर्वी तुम्ही एका दमात शेजारच्या तीन घरांचा समाचार घेत होता. आता चौथ्या शब्दाला थांबू लागलात, मग तिसऱ्या. मी ते ऐकले, माय. ऐकून मनात म्हटले, वय झाले.

छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले तेव्हा त्यांच्या सहायक मुलीने तुमच्या तोंडात एक नळी दिली आणि ओरडायला लागली, "फुंका आजी, फुंका, अजून, अजून!" तुम्ही नळी काढून माझ्याकडे पाहिलेत. "फुंकणी फुंकून फुंकून इथं आली, अन् हे म्हणते अजून फुंक." मग डॉक्टरीणबाईंनी विचारले, विडी ओढता का? तंबाखू, मिश्री?

"विडी चुलीनं ओढली बापा," तुम्ही म्हणालात. "मी नुसती बाजूले बसली."

त्यांनी लिहिणे थांबवले. मग मनगटातून, खोल नाडीतून, रक्त काढले. ते फार दुखते म्हणतात. तुम्ही फक्त पायाची बोटे आखडून घेतलीत.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले ते असे. फुप्फुसाची कामे दोन. चांगली हवा आत घेणे आणि वापरलेली हवा बाहेर टाकणे. यांच्या नळ्या धुराने आवळल्या आहेत, हवा आत जाते पण पुरती बाहेर पडत नाही, आणि वापरलेली हवा रक्तात साचून राहते. म्हणून सकाळचे डोके दुखणे. शरीर त्या साचलेल्या हवेला सरावले आहे, ते आता थोड्या ऑक्सिजनवर चालते. घरी यंत्र लावा, एक लिटर, दिवसाचे सोळा तास. बोटावरच्या चिमट्यात अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव दिसले की पुरे. शंभराच्या मागे लागू नका. मी हे सारे वहीत लिहून घेतले. लिहिलेले म्हणजे समजलेले, हा आम्हा शिकवणाऱ्यांचा जुना भ्रम.

यंत्र आले. आवाज नको म्हणून ते बाहेरच्या ओसरीत ठेवले आणि लांब नळी तुमच्या पलंगापर्यंत आणली. ते बसवणाऱ्या माणसाने जाता जाता सांगितले की नळी नाकात असताना विस्तवाजवळ जायचे नाही, भडका उडतो.

"दिवाबी नाही?" तुम्ही विचारलेत.

"दिवाही नाही, आजी."

तुम्ही तीन दिवस बोलला नाहीत. आयुष्यभर जिने विस्तवाशी व्यवहार केला तिला सांगण्यात आले होते, की आता श्वास घे किंवा आग धर. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही रेखाला बोलावलेत आणि चूल उचलून पार कुंपणापाशी न्यायला सांगितलीत. स्वतः नळीसकट मागच्या दारात, खुर्चीवर बसलात. मध्ये चांगली पंधरा पावले. एवढ्या दूर ओरडायला दम नव्हता, म्हणून टाळ्या ठरल्या. एक टाळी म्हणजे कणीक घट्ट आहे. दोन टाळ्या म्हणजे उलट. हात आडवा फिरवला की रोटी वाया गेली, कुत्र्याला घाल.

"माय, तुमी तं अंपायर झाल्या," रेखा तिकडून ओरडली.

तुम्ही हात आडवा फिरवलात. रेखा तिकडे वाकून हसत राहिली. मला वाटते, तुमचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटला तो त्या सकाळी. जिने आग सोडली, पण आगीवरची हुकमत सोडली नाही, अशा बाईची मी सून होते.

आता त्या दुपारविषयी.

तुम्हाला तीन दिवसांपासून सर्दी होती, खोकल्याने झोप नव्हती, कफ पिवळा झाला होता. तुमचे चिरंजीव अरुण ऑफिसात गेले होते. मी सुटीवर होते, उत्तरपत्रिका तपासत होते. चिमट्यात पंचाऐंशी दिसले. ओठांवर जांभळट छटा होती. मी डॉक्टरीणबाईंना फोन करायला हवा होता. पण मी या घरात पहिल्या आठवड्यात जे शिकले होते ते निराळेच होते. पंगतीत वाढायला उभी राहिले तेव्हा तुम्ही कानात सांगितले होते, "ताटात कमी दिसलं का वाढायचं. इचारायचं नाही. इचारलं का माणूस नाही म्हणते." मी ओसरीत गेले आणि यंत्राचे बटण फिरवले. एकाचे दोन. आकडा एकोणनव्वद झाला, आणि तिथेच थांबायचे होते, पण ताट मला अजून रिकामेच दिसत होते. दोनाचे चार. चिमट्यात सत्त्याण्णव उमटले. मला इतका आनंद झाला, माय, की मी त्या आकड्याचा फोटो काढला.

आणि तुम्ही झोपलात. तीन दिवसांनी झोपलात. गाल गुलाबी झाले होते, तळहात ऊबदार होते. मी पडदा ओढला. रेखाला खूण करून सांगितले, आज आवाज नको. पुन्हा उत्तरपत्रिका घेऊन तुमच्या उशाशी बसले. ओळीत कवी कुठे थांबतो आणि का थांबतो, यावर मी वर्गात तासच्या तास बोलते. त्या दुपारी तुमच्या दोन श्वासांमधली जागा वाढत चालली होती. मी ती ऐकत होते, आणि मला ती विसावा वाटली.

चहा घेऊन रेखा आत आली. तिने खांदा हलवला, गालावर थोपटले. "ताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी विसरणार नाही, "माय उठून नाही राहिल्या."

दवाखान्यात त्यांनी पुन्हा नाडीतून रक्त घेतले आणि धावपळ सुरू झाली. साचलेली हवा इतकी वाढली होती की तिने मेंदूला गुंगी आणली होती. चिमटा आत काय गेले ते सांगतो, बाहेर काय पडले नाही ते सांगत नाही. ऑक्सिजन त्यांनी बंद केला नाही, मोजून कमी केला. तोंडावर घट्ट मुखवटा बांधला. त्याचे यंत्र तुमच्या प्रत्येक श्वासाला आत ढकलत होते आणि बाहेर पडायला वाट देत होते. याने भागले नाही तर घशातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुंदाताई संध्याकाळी रामटेकहून पोचल्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तू घरीच होती नं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डोळे उघडले. मुखवट्याने नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठवला होता. डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. पलंगाच्या एका बाजूला अरुण, दुसऱ्या बाजूला कुंदाताई आणि मी.

"ऑक्सिजन चारवर कुणी नेला?" त्यांनी विचारले. "मला माहीत असायला हवे."

माझे तोंड उघडले होते. शब्द आला नाही. एक क्षण, कदाचित दोन. तेवढ्यात तुम्ही हात उचलून मुखवटा बाजूला ओढलात. यंत्र किंचाळू लागले. त्या किंकाळीवर तुम्ही, दोन दोन शब्दांनी, म्हणालात, "मीच नेला. दम... लागून राहिला होता."

"माय! काहून वं असं केलं?" कुंदाताई ओरडल्या. नर्सने मुखवटा परत बसवला. तुम्ही डोळे मिटले. माझ्याकडे एकदाही पाहिले नाहीत. पाहिले असते तर सगळ्यांना कळले असते. शुद्धीवर येऊन तास झाला नव्हता, आणि एवढे भान तुम्हाला होते.

तुम्ही घरी आलात, झोपताना लावायचा मुखवटा घेऊन. त्याला तुम्ही "माहं मुसकं" म्हणत होता. आणि मग तुम्ही ते काम सुरू केलेत ज्यासाठी आज अनोळखी माणसे आपल्या दारात उभी राहतात. तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसले की तुम्ही शेजारच्या बाईला विचारत होता, "घरी ऑक्सिजन आहे? किती वर ठेवता? डॉक्टरनं किती सांगतला?" मग तुमचे आख्यान सुरू होई. "पोरी, हा ऑक्सिजन पाहुणचार नव्हे. जास्त वाढला म्हणून भलं होत नाही. म्हातारी डुलक्या देऊन राहिली, डोकं धरून राहिली, बोलता बोलता झोपून राहिली, तं खुश नको होऊ. दवाखान्यात पळ. मी मूर्खासारखा चारवर नेला होता, मरून राहिली होती." आणि शेवटी आपला फोन नंबर देत होता. फोन येऊ लागले. उमरेडहून, काटोलहून. मी दर वेळी तुमच्या बाजूला, फाईल आणि पाण्याची बाटली धरून उभी असे. माझी चूक तुमच्या नावाने गावोगाव जात होती आणि माणसे वाचवत होती.

एकदा धीर करून मी बोललेच. दुपार होती, मी तुमचे केस विंचरत होते.

"माय, त्या दिवशी बटण..."

"केस ओढू नको."

"मला सांगायचं आहे. सगळ्यांना."

"सांग. सांगशीन तं तुहं हलकं होईन." तुम्ही ओठांचा चंबू करून हवा सोडलीत. "अन् मी बायांले काय सांगू मंग? सुनेनं केलं म्हणून? त्या घरी जाऊन आपल्या सुनेले बोलतीन. सून भिऊन बटणाले हात लावाचं सोडन. मंग म्हातारीकडे पाहीन कोण?"

मी विंचरत राहिले. पण पटले नाही. मी म्हणाले, चूक करणारी जर लपली, तर पुढची चूक करणारीही लपेल, आणि डॉक्टर विचारतील तेव्हा कुणीच बोलणार नाही. तुम्ही म्हणालात, "तुह्या कवितेत सांग खरं." आपला हा वाद तिथेच राहिला. पुढे जेव्हा जेव्हा मी तो काढला, तुम्ही फणी मागितलीत.

या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. तुम्ही आधीच, पूर्ण शुद्धीत असताना, डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवले होते, की मुसके चालेल, घशातली नळी नाही. मी त्यावरही भांडले होते. पुन्हा विचारले तेव्हा तुम्ही मुखवट्याआडून मान हलवलीत आणि हात आडवा फिरवलात. त्या हुकमापुढे कुणाची प्राज्ञा होती? घुसमट जाणवू नये म्हणून त्यांनी औषध दिले. सकाळचे ऊन पलंगावर आले होते. तुमचे श्वास मी मोजत होते, आणि या वेळी मी कोणत्याही थांबण्याला दुसरे नाव दिले नाही. तुम्ही जशा जगलात तशाच गेलात, स्वतः ठरवून. मी रडले. पण ताठ मानेने रडले.

आणि आज सकाळी तुमचा फोन वाजला, माय. तो आम्ही अजून बंद केलेला नाही. कुंदाताई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मी उचलला. एक तरुण बाई होती, अगदी हळू बोलत होती.

"मायले द्या नं जरा."

माय गेल्या, असे मी सांगितले. "अरे देवा," ती पुटपुटली. मग म्हणाली, सासूबाईंना ऑक्सिजन लावला आहे, सकाळपासून झोपल्या आहेत, उठवले तर हूं म्हणतात आणि पुन्हा झोपतात.

"किती लिटर आहे?"

"एक सांगतला होता. आता... जास्त झाला."

"कुणी वाढवला?"

मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. मला तो ओठांवर येऊन थांबलेला शब्द ऐकू आला. तो माझ्या ओळखीचा होता. मीही एका पलंगाशी तो गिळला होता.

"हे बघा," मी म्हणाले, "माय सांगायच्या ना, की त्यांनी स्वतः चारवर नेला? ते खरं नाही. मी नेला होता. मी त्यांची सून. आकडा कमी दिसला म्हणून, प्रेमानं नेला."

कुंदाताईंचे हात मेथीत थांबले.

"मी तीन केला, ताई," फोनवरची बाई रडू लागली. "काल सायंकाळी. घरच्यायले सांगतलं नाही मी. मारतीन मले सारे."

"ऐका. जेवढा डॉक्टरांनी सांगितला तेवढ्यावर आणा, पण बंद करू नका. आत्ता गाडी बोलवा. आणि दवाखान्यात विचारण्याआधी सांगा, मी वाढवला, काल सायंकाळपासून तीन आहे. त्यांना ते कळलं की त्यांचा वेळ वाचतो. बोलणी नंतर खाऊ. मीपण येईन तुमच्याबरोबर खायला."

फोन ठेवला. मी कुंदाताईंकडे पाहिले.

"ताई, मी..."

"यंत्र ओसरीत होतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या. "माय संडासाले बी भिंत धरून जाय. ते ओसरीत जाऊन बटण फिरवन? मले त्याच दिवशी समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत? उलट सगळ्यांना तीच गोष्ट सांगता..."

"मायनं झाकलं. मी काहून उघडू?" त्यांनी एक पिवळे पान दूर फेकले. मग नाक ओढून म्हणाल्या, "पण एक सांगू तुले? मी असती नं तुह्या जागी, तं मुसकं काढून पुऱ्या वार्डात नाव घेतलं असतं माहं. लेकीले नाही झाकलं तिनं कधी. सुनेले झाकलं."

त्यांच्या आवाजात रागही होता आणि अभिमानही. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि मेथी ओढली. आम्ही दोघींनी मिळून ती निवडली. तुमच्या पश्चात आम्ही पहिल्यांदाच एका ताटात हात घातला होता.

फोन चारच्या सुमारास पुन्हा वाजला. त्याच बाईचा.

"शुद्धीत आल्या," ती म्हणाली. "मुखवटा लावला. मी सांगतलं, ताई. डॉक्टरले सांगतलं, साऱ्यांच्या समोर."

"आणि सासूबाई? काय म्हणाल्या?"

"मुखवटा वर करून करून शिव्या देऊन राहिल्या मले. नर्स थकली."

शेजारून कुंदाताई म्हणाल्या, "देऊ दे म्हणा!"

तर माय, तुमचे खोटे मी मोडले. तुम्ही असता तर फणी मागितली असती आणि वाद पुढे ढकलला असता. तो मिटला असे मी म्हणत नाही. पण आज एका घरात एक सून खरे बोलली आहे, आणि एका खाटेवर एक सासू शिव्या देण्याइतका श्वास घेते आहे. कुंदाताईंनी फोन माझ्या हातातून घेऊन कानाला लावला, पलीकडून येणाऱ्या शिव्या ऐकत राहिल्या, आणि मग तुमच्यासारख्याच, मान मागे टाकून हसल्या.